एकच पाकीट, दोन बाळे आणि आतड्यातले जिवाणू

ताई, आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्या बीटमधील (देखरेखीखालच्या अंगणवाड्यांच्या गटातील) एकाच पाड्यावरच्या दोन बाळांना, एक ११ महिन्यांचे आणि दुसरे १३ महिन्यांचे, सुरुवातीचे वजन जवळपास सारखे असताना, सारखाच ऊर्जायुक्त पूरक आहार ८ आठवडे दिला गेला. पहिल्याचे वजन ९०० ग्रॅमने वाढले, दुसऱ्याचे जेमतेम १५० ग्रॅमने. मुलाच्या वाढीवर आतड्यातील जिवाणूंचा प्रभाव असतो असे आपल्या वाचनात आले. त्यावरून आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत: हा फरक जिवाणूंमुळे पडला असेल का, दुसऱ्या बाळाच्या घरच्यांना दुकानातून प्रोबायोटिकच्या, म्हणजे उपयोगी मानलेल्या जिवंत जिवाणूंच्या, पुड्या आणायला सांगाव्यात का, आणि लोहाचे सिरप सुरू झाल्यापासून त्याला पातळ शी होते म्हणून ते बंद करावे का.

जिवाणूंचा वाटा असू शकतो, पण एवढा मोठा फरक केवळ त्यांच्या माथी मारता येणार नाही, असे माझे मत आहे. वर्षाच्या आसपासचे निरोगी बाळ काहीही जादा न देता महिन्याला साधारण २०० ते २५० ग्रॅमने वाढते. म्हणजे आपले दुसरे बाळ पूरक आहार चालू असूनही निरोगी बाळाच्या निम्म्या वेगानेसुद्धा वाढलेले नाही. असे दिसले की मी आधी साध्या गोष्टी तपासतो. पूरक आहाराचे पाकीट खरोखर त्याच बाळाच्या तोंडात जाते की घरातल्या तीन भावंडांत वाटले जाते, हे स्वयंपाकघरात बसून पाहावे लागते. विचारून खरे उत्तर मिळत नाही, आणि त्यात आईचा दोष नसतो. त्यानंतर घरातील कोणाला क्षयरोगाची शंका यावी असा दीर्घकाळचा खोकला आहे का, बाळाला लघवीचा जंतुसंसर्ग आहे का, जीभ व डोळे फिकट आहेत का, आणि आदिवासी पट्ट्यात सिकलसेलची तपासणी झाली आहे का, हे पाहावे. या चौकशीत काही सापडले, तर जिवाणूंची चर्चा करण्याआधी त्याचे उपचार व्हायला हवेत.

तरीही आपला प्रश्न महत्त्वाचा आहे. गेल्या दहा-पंधरा वर्षांत या विषयावर जे काम झाले, त्यातले बरेचसे आपल्या शेजारच्या ढाका शहरातले आहे, आणि तिथली मुले, तिथले अन्न व तिथले जुलाब आपल्याला परके नाहीत.

आईच्या दुधात लिटरमागे साधारण ५ ते १५ ग्रॅम अशा शर्करा असतात की ज्या बाळाला स्वतःला पचवताच येत नाहीत. त्यांना ऑलिगोसॅकराइड म्हणतात. त्यांचे दीडशेहून अधिक प्रकार मोजले गेले आहेत, आणि दुग्धशर्करा व स्निग्ध पदार्थ यांच्यानंतर दुधातील घन पदार्थांत त्यांचाच क्रमांक लागतो. गाईच्या दुधात त्या नगण्य असतात. बाळाला न पचणारी वस्तू आई एवढ्या प्रमाणात का तयार करते, याचे उत्तर मोठ्या आतड्यात मिळते. तिथे बायफिडोबॅक्टेरियम इन्फन्टिस हा जिवाणू या शर्करा पेशीत ओढून घेतो, त्यांवर वाढतो आणि त्यांपासून आम्ले तयार करतो. त्या आम्लतेमुळे ई. कोलाय आणि त्याच्या भाऊबंदांना तिथे पाय पसरता येत नाहीत. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम करणाऱ्या आंरी तिसिए यांना हे दुशाखी जिवाणू स्तनपान करणाऱ्या बाळांच्या शीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच दिसले होते. ते नेमके कशावर जगतात हे मात्र फार नंतर उलगडले. तेव्हा आईचे दूध एकाच वेळी दोघांना पोसते, बाळाला आणि त्याच्या आतड्यातील जिवाणूंना. कोणत्याही पूरक आहाराकडे याच नजरेने पाहावे, असे मी माझ्या निवासी डॉक्टरांना सांगतो, कारण घासाचा जो भाग लहान आतड्यात पचून शोषला जात नाही तो मोठ्या आतड्यातील कोणाच्या तरी पानात पडतोच.

सहाव्या महिन्यानंतर वरचे अन्न सुरू झाले की आतड्यातील जिवाणूंच्या या वस्तीची रचना बदलू लागते. बायफिडो जिवाणूंचे वर्चस्व हळूहळू कमी होते, वनस्पतीतील तंतू आणि स्टार्च पचवणाऱ्या जाती येतात, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत ही वस्ती मोठ्या माणसासारखी होते. ढाक्याच्या मिरपूर भागातील निरोगी बाळांच्या शीचे नमुने पहिली दोन वर्षे दर महिन्याला गोळा करून अमेरिकेतील सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाचे जेफ्री गॉर्डन आणि ढाक्याच्या आंतरराष्ट्रीय अतिसार संशोधन केंद्राचे तहमीद अहमद यांच्या गटांनी या बदलाचे वेळापत्रकच मांडले. आपण वाढीच्या तक्त्यावर वयानुसार वजन पाहतो, तसे त्यांना २४ जिवाणू-जातींच्या प्रमाणावरून आतड्यातील वस्तीचे वय सांगता येऊ लागले. मग त्यांनी तीव्र कुपोषित ६४ मुलांचे नमुने त्या तक्त्याशी ताडून पाहिले, तेव्हा या मुलांची वस्ती त्यांच्या वयापेक्षा कितीतरी लहान निघाली. काही मुलांना शेंगदाण्याचा तयार उपचारात्मक आहार देण्यात आला होता, काहींना तांदूळ-डाळीची खिचडी आणि रव्याचा हलवा. वजन दोन्हींनी वाढले. जिवाणूंची वस्तीही वयाकडे थोडी सरकली, पण उपचार थांबल्यावर काही महिन्यांतच पुन्हा मागे गेली. २०१४ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा माझ्यासारख्या अनेकांना पोषण पुनर्वसन केंद्रातून घरी पाठवल्यावर तीन-चार महिन्यांत पुन्हा वजन गमावून येणारी मुले आठवली असतील.

परंतु अपक्व वस्ती हे कुपोषणाचे कारण आहे की परिणाम, हे अशा निरीक्षणातून ठरत नाही. उपाशी मुलाच्या आतड्यात उपाशी जिवाणू असणारच, असे कोणीही म्हणू शकते. त्या दृष्टीने मलावीतील जुळ्या मुलांचा अभ्यास अधिक बोलका आहे. तिथे ३१७ जुळ्या जोड्यांवर वयाच्या तिसऱ्या वर्षापर्यंत लक्ष ठेवण्यात आले. सुमारे निम्म्या जोड्यांत दोन्ही मुले ठणठणीत राहिली, तर ४३ टक्के जोड्यांत एक मूल कुपोषित झाले आणि दुसरे झाले नाही, म्हणजे घर एक, आई एक, चूल एक आणि तरी परिणाम वेगळा. ज्या जोड्यांत एका मुलाला सूज येणारे कुपोषण झाले होते, त्यांतील काही मुलांच्या शीतले जिवाणू, आजारी आणि निरोगी भावंडांचे वेगवेगळे, पूर्णपणे जंतुरहित वाढवलेल्या उंदरांत सोडण्यात आले. मक्याचे पीठ आणि पालेभाजी असा मलावीचा रोजचा आहार दिल्यावर आजारी मुलाचे जिवाणू असलेल्या उंदरांचे वजन झपाट्याने घसरले. शेंगदाण्याचा उपचारात्मक आहार दिला तेव्हा ते सावरले, आणि जुना आहार परत येताच पुन्हा घसरले. निरोगी भावंडाचे जिवाणू त्याच मक्यावर असे वागले नाहीत. थोडक्यात, त्या जिवाणूंना आणि त्या आहाराला सुटे-सुटे दोषी धरता आले नाही. घसरण दोघे एकत्र आल्यावरच झाली. २०१३ सालच्या या प्रयोगाचे मला आजही सर्वाधिक कौतुक वाटते. उंदीर म्हणजे मूल नव्हे, ही मर्यादा मात्र त्याला आहेच.

त्यानंतरचा प्रश्न साहजिकच असा होता की, ज्या जिवाणूंची वाढ खुंटली आहे त्यांना आवडेल असे अन्न मुलाला दिले तर काय होईल. ढाक्याच्या बाजारात मिळणारे अनेक पदार्थ आधी प्राण्यांवर आणि मग मुलांवर पारखून एक मिश्रण निवडण्यात आले: हरभऱ्याचे पीठ, शेंगदाण्याचे पीठ, सोयाबीनचे पीठ आणि कच्ची केळी, त्यात तेल, साखर व सूक्ष्मपोषके. कच्ची केळी तिथे आधीपासून परिचित होती, कारण दीर्घकाळ चालणाऱ्या जुलाबांवर शिजवलेल्या कच्च्या केळीचा प्रयोग ढाक्यातच पूर्वी झाला होता. मिरपूरमधील १२ ते १८ महिन्यांच्या, मध्यम कुपोषित मुलांना हे मिश्रण दिवसातून दोनदा, तीन महिने दिले गेले. तुलनेसाठी दुसऱ्या गटाला तांदूळ, मसूर आणि दूध पावडर असलेला नेहमीचा पूरक आहार होता. सुमारे १२० मुलांची ही चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. नव्या मिश्रणात उष्मांक जवळजवळ पाचव्या-सहाव्या हिश्शाने कमी होते, तरीही त्या मुलांचा उंचीनुसार वजनाचा झेड-स्कोअर (मुलाचे वजन प्रमाण सरासरीपासून किती दूर आहे याचे माप) आठवड्याला सरासरी ०.०२१ ने वाढला, नेहमीच्या आहाराने ०.०१० ने. रक्तातील हाडांच्या वाढीशी आणि मेंदूच्या विकासाशी संबंधित प्रथिनेही वाढलेली आढळली. पुढच्या विश्लेषणात असे दिसले की प्रेव्होटेला कोप्री या जिवाणूचे काही विशिष्ट वाण वनस्पतींच्या पेशीभित्तिकांतील गुंतागुंतीच्या शर्करा फोडतात आणि मुलाच्या वजनवाढीशी त्यांचा जवळचा संबंध आहे.

हे आकडे मी मुद्दाम दिले. नवे मिश्रण दुपटीने सरस ठरले हे खरे, पण ती दुप्पट कशाची हेही पाहावे. ०.०२१ आणि ०.०१० यांतला फरक तीन महिन्यांत झेड-स्कोअरच्या सुमारे सातव्या हिश्शाइतका होतो, आणि या वयाच्या मुलाच्या वजनात तो फार तर शे-सव्वाशे ग्रॅमचा भरेल. आपल्या दोन बाळांतला फरक दोन महिन्यांतच ७५० ग्रॅमचा आहे. म्हणूनच सुरुवातीला मी पाकिटाची वाटणी, क्षयरोग आणि लघवीची तपासणी यांवर भर दिला. शिवाय झिम्बाब्वेच्या ग्रामीण भागातील बाळांमध्ये केवळ जिवाणूंच्या जातींच्या यादीवरून वाढीचे भाकीत फारसे साधले नाही, ही बाजूही विसरता कामा नये. शीचा नमुना पाठवून जिवाणूंचा अहवाल देणाऱ्या खासगी तपासण्या आता शहरांत मिळतात. आपल्या पाड्यावरच्या बाळासाठी कोणी ती सुचवली, तर त्या पैशांत अंडी आणि तेल आणावे असे मी सांगेन.

इथे एक भाबडा निष्कर्ष टाळावा लागतो. हरभरा, शेंगदाणा, सोयाबीन आणि कच्ची केळी या चारही वस्तू आपल्याकडे मिळतात, तेव्हा घरीच दळून हे औषध करावे असे कोणालाही वाटेल. वर्षाच्या बाळाला भाजलेल्या डाळीचे पीठ, शेंगदाण्याचे बारीक कूट आणि उकडून कुस्करलेली कच्ची केळी नाचणीच्या किंवा तांदळाच्या पेजेत घालून जरूर द्यावी; तो उत्तम आहार आहे. अख्खे किंवा भरड शेंगदाणे मात्र देऊ नयेत, ते श्वासनलिकेत अडकतात. पण चाचणीतील मिश्रणात सूक्ष्मपोषके मोजून घातलेली होती, आणि ते मध्यम कुपोषित मुलांत तपासले गेले होते. दंडघेर ११.५ सेंटीमीटरच्या खाली गेलेल्या, म्हणजे तीव्र कुपोषित, मुलाला उपचारात्मक आहाराऐवजी घरची पेज देणे धोक्याचे आहे.

आता प्रोबायोटिकच्या पुड्यांविषयी. या शब्दाखाली इतके वेगवेगळे जिवाणू विकले जातात की प्रोबायोटिक द्यावे का हा प्रश्न औषध द्यावे का या प्रश्नाइतकाच मोघम आहे. कोणता जिवाणू, त्याचा कोणता वाण, कोणत्या वयाच्या मुलाला आणि कशासाठी, हे ठरल्याशिवाय त्याला उत्तर नाही. मलावीतच, ब्लँटायरच्या रुग्णालयात, तीव्र कुपोषित ७९५ मुलांवर दुग्धाम्ल तयार करणारे चार जिवाणू आणि तंतू यांचे मिश्रण तपासले गेले होते. उपचारात्मक आहारासोबत ते दिलेल्यांपैकी ५३.९ टक्के बरे झाले, न दिलेल्यांपैकी ५१.३ टक्के, म्हणजे सांगण्याजोगा फरक नव्हता. याउलट ओडिशाच्या खेड्यांत ४,५५६ नवजात बाळांवर झालेली चाचणी, जी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली, यशस्वी ठरली: लॅक्टोबॅसिलस प्लांटारमचा एक निवडक वाण आणि त्याचे खाद्य असलेली शर्करा जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत सुरू करून ७ दिवस दिल्यावर पुढच्या दोन महिन्यांत जंतुदोष किंवा मृत्यूचे प्रमाण ९ टक्क्यांवरून ५.४ टक्क्यांवर आले. परंतु ती बाळे पुरेशा वजनाची आणि स्तनपान करणारी होती, आणि तिथे जंतुदोष टाळायचा होता. तेरा महिन्यांच्या बाळाचे वजन वाढवण्याशी त्या निष्कर्षाचा संबंध जोडता येत नाही.

वजनाच्या बाबतीत आशादायक निष्कर्ष आहे तो पुन्हा ढाक्याचा, आणि २ ते ६ महिन्यांच्या बाळांचा. तीव्र कुपोषित तान्ह्या बाळांच्या शीत बायफिडोबॅक्टेरियम इन्फन्टिस निरोगी बाळांच्या तुलनेत शेकडो पटींनी कमी आढळला. प्रतिजैविकांचा उपचार झाल्यावर काही बाळांना हा जिवाणू चार आठवडे देण्यात आला, आणि त्यांचे वजन तो न मिळालेल्या बाळांपेक्षा अधिक वाढले. यात एक खुबी आहे. दिलेला वाण अमेरिकेत तयार झालेला होता आणि तो भरपूर आईचे दूध पिणाऱ्या बाळात चांगला वाढतो. ढाक्यातील बाळांना दूध कमी आणि वरचे अन्न लवकर, अशी स्थिती होती. बांगलादेशी बाळातूनच वेगळा केलेला एक वाण दुधातील शर्करांबरोबर वनस्पतींतील काही शर्कराही वापरू शकतो, आणि प्रयोगशाळेत त्या आहारावर तोच वरचढ ठरला. म्हणजे जिवाणू निवडतानासुद्धा बाळ काय खाते हे आधी पाहावे लागते. आपल्या पाड्यावरच्या बाळाला आजमितीस कोणता वाण योग्य, हे सांगणारी पुडी माझ्या माहितीत नाही.

आणि कमी दिवसांच्या बाळांबाबत तर अधिक सावध राहावे. २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने रुग्णालयांना बजावले की अकाली जन्मलेल्या बाळांना प्रोबायोटिक दिल्याने गंभीर जंतुसंसर्ग होऊ शकतो. तसे एक बाळ दगावले होते, आणि त्याच्या शरीरात सापडलेला जिवाणू दिलेल्या उत्पादनातील बायफिडोबॅक्टेरियम लाँगमशी जुळत होता. वर ज्याचे गुण गायले तो इन्फन्टिस याच लाँगमचा उपप्रकार आहे. दुबळ्या आतड्याच्या भिंतीतून आत शिरल्यावर मित्रजिवाणूही रक्तात जंतूसारखाच वागतो.

लोहाचा मुद्दा मी शेवटी ठेवला असला, तरी आपल्या रोजच्या कामात तोच सर्वांत निकडीचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील ६ ते ५९ महिन्यांच्या ६८.९ टक्के मुलांना रक्तक्षय आहे, तेव्हा लोह नको असे म्हणण्याची चैन आपल्याला परवडणारी नाही. पण सिरपमधून दिलेल्या लोहाचा थोडाच भाग बाळ शोषून घेते. उरलेला मोठ्या आतड्यात पोचतो. तिथे बायफिडो आणि लॅक्टोबॅसिलस यांना लोहाची फारशी गरज नसते, तर ई. कोलायसारख्या आणि शिगेलासारख्या रोगकारक जिवाणूंना ते हवेहवेसे असते, इतके की ते मिळवण्यासाठी ती जमात खास रसायने सोडते. आईच्या दुधात लोह अत्यल्प का आणि त्यातील लॅक्टोफेरिन हे प्रथिन लोहाला घट्ट धरून का ठेवते, याचा उलगडा इथे होतो. केनियातील ६ महिन्यांच्या बाळांना चार महिने लोहयुक्त सूक्ष्मपोषक भुकटी दिली, तेव्हा त्यांच्या शीत रोगकारक जिवाणू वाढले आणि आतड्याच्या दाहाची खूणही वाढली. त्याच देशात पुढे ५ मिलिग्रॅम लोहासोबत गॅलॅक्टो-ऑलिगोसॅकराइड ही शर्करा दिल्यावर हा दुष्परिणाम बऱ्याच अंशी टळला, आणि लोहाचा उपयोग कमी झाला नाही. आपल्या कार्यक्रमात ही शर्करा नाही. पण जे बाळ अजून अंगावर पिते, त्याच्या आतड्यात तिच्याशी नाते सांगणाऱ्या शर्करा आईच्या दुधातून पोचत असतातच. लोहाचे सिरप चालू असताना स्तनपान तोडू नका असे मी आग्रहाने सांगतो, त्याचे एक कारण हे आहे.

आता प्रत्यक्ष करायचे ते असे. ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिलिलिटर सिरप, म्हणजे २० मिलिग्रॅम लोह आणि १०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल, द्यायचे आहे. दुसऱ्या बाळाच्या घरी ते दोनदाच दिले जाते की रोज, हे बाटली हातात घेऊन, किती उरले ते पाहून तपासावे. रोज दिले जाणे ही मी अनेकदा पाहिलेली चूक आहे. ताप किंवा जुलाब चालू असताना ते थांबवावे आणि बाळ बरे झाल्यावर पुन्हा सुरू करावे. या बाळाला मिळणारे पाकीट उपचारात्मक आहाराचे असेल, तर त्यात लोह आधीच घातलेले असते. मग वेगळे सिरप द्यायचे की नाही हे वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारूनच ठरवावे. तीव्र कुपोषणात उपचाराच्या पहिल्या टप्प्यात लोह देत नाहीत, आणि थॅलेसेमियाच्या मुलांना ते द्यायचे नसते.

पातळ शी होते तेव्हा ओआरएस आणि १४ दिवस झिंक द्यावे. शीत रक्त नसेल आणि बाळ तापाने मलूल नसेल तर प्रतिजैविक देण्याची घाई करू नये. प्रतिजैविकांविषयीही सरसकट बोलणे कठीण आहे. मलावीत तीव्र कुपोषित मुलांना उपचारात्मक आहारासोबत अमॉक्सिसिलिन दिल्यावर मृत्यू ७.४ टक्क्यांवरून ४.८ टक्क्यांवर आले होते, तर नायजरमध्ये तशाच चाचणीत बरे होण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. म्हणजे तीव्र कुपोषणात ते नियमानुसार द्यावे. मध्यम कुपोषित बाळाला दर सर्दीला दिलेली प्रतिजैविकाची लाल बाटली ही वेगळी गोष्ट आहे, आणि तिने वस्तीची घडी प्रत्येक वेळी विस्कटते.

दुसऱ्या बाळाला या आठवड्यातच पोषण पुनर्वसन केंद्रात किंवा किमान प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. तिथे समोर बसवून भरवल्यावर वजन कसे वाढते हे पाहता येते. दिवसाला किलोमागे १० ग्रॅमहून अधिक वाढ झाली तर अडचण घरच्या वाटणीत होती असे समजावे. ५ ग्रॅमहून कमी झाली तर आजार शोधावा लागेल. सोबत त्याचा दंडघेर, दोन महिन्यांतील वजनाच्या सर्व नोंदी आणि आजवर मिळालेल्या औषधांच्या चिठ्ठ्या पाठवाव्यात, विशेषतः प्रतिजैविकांच्या.